ढवळणं थांबलं त्याची गोष्ट

केमोथेरपीच्या वॉर्डात सिस्टर होते असं सांगितलं की समोरचा माणूस आवाज खाली आणून विचारतो, "लई वाईट बघावं लागलं असंल न्हाय?" बघावं लागलं. खोटं कशाला बोलू? पण नोकरीचा विषय निघाला की मला पहिल्यांदा वेगळंच आठवतं. आमच्या वॉर्डातल्या लोकांच्या उलट्या थांबल्या, ते आठवतं.

बाहेरच्या माणसाला हे किरकोळ वाटेल. कॅन्सरसारखा आजार, आणि ह्या बाई उलटीचं काय घेऊन बसल्यात! पण ज्यांनी ती सोसली आहे त्यांना विचारा. केस गेले की रडू येतं, आणि काही दिवसांनी ते ओसरतं. दिवसरात्र ढवळणाऱ्या पोटापुढं मात्र भलाभला माणूस हात टेकतो. आणि असा हात टेकलेला माणूस पुढच्या केमोला येत नाही. न आल्यावर पुढं काय होतं, ते सांगायला नको.

मी खानापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातली. नर्सिंग शिकायला बेळगावात आले आणि लग्न होऊन तिथल्याच शहापुरात राहिले. आमच्या दवाखान्यातला केमोचा वॉर्ड दिवसापुरता असायचा. सकाळी यायचं, आरामखुर्चीत बसून सलाईन लावून घ्यायचं, दुपार उलटली की घरी. खानापूरकडचे, चिकोडीकडचे, निपाणीकडचे, खुद्द गावातले, सगळे एका रांगेत. एका खुर्चीवर मराठी, शेजारी कन्नड, पलीकडं हिंदी. भाषा वेगवेगळ्या, पण मांडीवरची प्लास्टिकची पिशवी सगळ्यांची सारखी.

ही उलटी होते कशी, ते सोप्या शब्दांत सांगते. केमोचं औषध पोटात जात नाही, शिरेतून रक्तात जातं. पण शरीराला वाटतं, विष आलं. मेंदूत एक जागा आहे, तिचं काम विष बाहेर फेकायला सांगायचं. ती सांगत सुटते. पोटात काही नसलं तरी सांगते. हा त्रास दोनदा येतो. एकदा त्याच दिवशी, आणि दुसऱ्यांदा घरी गेल्यावर, पुढचे चार-पाच दिवस. पहिला आम्हाला दिसायचा, त्यावर आमच्याकडं बरी औषधं होती. दुसरा फक्त घरच्यांना दिसायचा, आणि तिथं आमची औषधं कमी पडायची. माणूस वॉर्डातून हसत गेला की आम्हाला वाटायचं, जमलं.

आमच्या डॉक्टर गिरिजा मॅडम धारवाडकडच्या. घरात कन्नड. मराठी त्या पेशंटांकडूनच शिकल्या, त्यामुळं एवढ्या शिकलेल्या बाईच्या तोंडी "लई" आणि "न्हाय" ऐकून पुण्या-मुंबईचे डॉक्टर चमकायचे. एक दिवस त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सुमन सिस्टर, एक गोळी हाय. जुनीच हाय, मानसिक आजाराला देतात. पण थोडी दिली तर केमोची उलटी थांबते, असं बाहेरच्या डॉक्टरांना दिसलंय. विशेषतः घरी गेल्यावरची. आपल्या लोकांना ती सोसते का, घरी ते घेतात का, ते मला बघायचंय."

"मग देऊ या की सगळ्यांना."

"सगळ्यांना दिली तर फरक गोळीचा का आणखी कशाचा, कळायचं कसं? काहींना जुनी औषधं देऊ. काहींना जुनी औषधं आणि शिवाय ही गोळी. कुणाला काय, ते बंद पाकीट ठरवेल. तुम्ही न्हाय, मी न्हाय."

मला ते पटेना. पाकिटावर माणसाचं नशीब? मॅडमनी विचारलं, "तुमच्यावर सोडलं तर नवी गोळी कुणाला द्याल?" मी खरं तेच सांगितलं. ज्यांची मला दया येते त्यांना. "म्हणूनच पाकीट," त्या म्हणाल्या. शिवाय नियम असा, की पहिल्या वेळी ज्याला फार त्रास होईल त्याला पुढच्या वेळी नवी गोळी द्यायची. दवाखान्याच्या समितीची परवानगी आली. प्रत्येक पेशंटला त्याच्या भाषेत सगळं समजावून त्याची संमती घ्यायची ठरली. आणि माझ्या वाट्याला आला फोन. केमो झाल्यावर रोज सकाळी प्रत्येकाला फोन करायचा आणि विचारायचं, मळमळ किती, उलटी किती.

वाटलं, सोपं काम आहे. पहिल्याच आठवड्यात घाम फुटला. मी विचारायची, "मळमळतंय का?" बाई म्हणायची, "न्हाय." आणि वर, "नुसतं ढवळतंय." कुणाला उमासे यायचे, कुणाच्या पोटात कालवायचं. चिकोडीकडच्या एक आजी सांगायच्या, "होट्टी तोळसाकत्तैत्रि," म्हणजे पोट घुसळतंय. तेच ते दुखणं, पण मी विचारलेल्या शब्दाला प्रत्येकजण "न्हाय" म्हणणार. मॅडमनी आणि मी बसून असे सगळे शब्द गोळा केले आणि एकेक करून विचारायला लागलो.

तरी बेळगावच्या कॅम्पात राहणाऱ्या एका सुभेदारांनी आम्हाला चकवलंच. फौजेतून निवृत्त झालेले, ताठ, मिशा पांढऱ्या. फोन केला की एकच उत्तर, "सिस्टर, सब ठीक. काही त्रास नाही." त्यांच्या पाकिटात जुनी औषधं निघाली होती. मी मॅडमना म्हटलं, बघा, जुन्यानंही भागतंय की. एका सकाळी फोनवर ते "सब ठीक" म्हणत असतानाच मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "खोटं सांगतायत हो बाई! सकाळपासनं बादली सोडली न्हाय त्यांनी!"

"अहो, सिस्टरना कशाला सांगायचं ते," सुभेदार फोनवर हात ठेवून म्हणाले, पण मला ऐकू आलंच. "फौजी माणूस ओकतो म्हणून रिपोर्ट द्यायचा?"

त्यानंतर आम्ही विचारायची तऱ्हाच बदलली. त्रास किती ते शेवटी विचारायचं, आधी विचारायचं, "आज काय खाल्लंत?" खाण्याबद्दल माणूस खोटं बोलत नाही, निदान पटकन तरी बोलत नाही. "जेवलो" म्हणणाऱ्याला "काय जेवलात?" विचारलं की कळतं. अर्धं बिस्किट का दोन भाकऱ्या, त्यातच सगळं आलं.

त्याच सुभेदारांची आणखी एक गोष्ट. दोन केमोंच्या मधे ते मला कॅम्पातल्या बाजारात दिसले. मी पिशवीत वांगी भरत होते. त्यांनी लांबून ओळखलं, हसले, सलाम ठोकला, आणि त्याच क्षणी बाजूच्या गटारापाशी जाऊन भडाभडा ओकले. औषध आठवडाभरापूर्वीचं, पोट तर चांगलं होतं. मला बघितलं आणि मेंदूला वॉर्ड आठवला, एवढंच. वांगीवाली माझ्याकडं संशयानं बघायला लागली. सुभेदार तोंड पुसत आले आणि म्हणाले, "सिस्टर, गैरसमज नको. तुमच्याबद्दल आदरच आहे." मी हसले, पण घरी जाताना डोळ्यांत पाणी आलं. आपला चेहरा बघून माणसाला उलटी व्हावी, यासाठी का नर्सिंग शिकले होते?

आता पद्माक्का. ही गोष्ट खरी त्यांचीच.

पद्माक्का निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या जैन शेतकरी घरातल्या. पन्नाशीच्या, उंच, हाडानं मजबूत. घरचा ऊस, आणि गोठ्यात म्हशी. म्हशी पूर्णपणे पद्माक्कांच्या. डेअरीला दूध घालायचं, रेडकं बघायची, गवत आणायचं, सगळ्यावर त्यांचाच हुकूम. छातीत गाठ निघाली होती. गिरिजा मॅडमनी तपासून सांगितलं होतं की वेळेत आलात, केमो पूर्ण घेतली आणि मग ऑपरेशन केलं तर बऱ्या होण्याची आशा चांगली आहे. पहिल्या केमोला नवरा आदगोंडा अण्णांबरोबर आल्या. पाकिटात जुनी औषधं निघाली. दुपारभर खुर्चीत बसून शेजारणीला म्हशीच्या कासेच्या आजारावर सल्ला दिला, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून फोन उचलेनात. मी रोज लावायची, रोज वाजून बंद व्हायचा. पुढच्या केमोचा दिवस आला, खुर्ची रिकामी. त्या दुपारी आदगोंडा अण्णांनी फोन उचलला.

"बाई, ती न्हाय येनार आता," ते म्हणाले. "म्हंती, मरन बरं पन त्ये औषध नको. आठ दिस पानी सुदिक पोटात ठरलं न्हाय तिच्या. मी काय बांधून आनू व्हय?"

असे फोन मी आधीही ऐकले होते. तेव्हा काय करता यायचं? समजूत घालायची, आणि नाही आलं माणूस तर पुढच्या खुर्चीकडं वळायचं. आमच्या खानापूरकडची एक तरणी बाई अशीच दुसऱ्या केमोनंतर आली नव्हती. तिचं नंतर काय झालं, ते मला तिच्या गावच्या लोकांकडून कळलं होतं. पण ह्या वेळी माझ्याजवळ पद्माक्कांपुढं ठेवण्यासारखं काहीतरी होतं, ती नवी गोळी. मॅडमना विचारून सुटीच्या दिवशी मी निपाणीची एसटी पकडली.

घरी पोचले तर पद्माक्का गोठ्यात, उंबऱ्याला टेकून बसलेल्या. गाल आत गेलेले. धार काढायला सून बसली होती, त्रिशला. दुधाचा फेसाळ वास आला की पद्माक्का पदर नाकाला लावत होत्या.

मला बघून म्हणाल्या, "बाई, आलाईसा तर बसा. च्या घ्या. पन त्या औषदाचं नाव काडू नगा."

"नाव नाही काढत. म्हशी बघायला आले," मी म्हटलं.

थोडा वेळ म्हशींचंच बोलणं झालं. मग त्यांनी आपणहून सांगितलं. "माज्या म्हशींच्या अंगाचा वास मला लान्हपनापासनं गोड लागतो बाई. आता गोठ्यात पाय टाकला की ढवळतंय. माज्याच म्हशी मला घान वाटाय लागल्या. असं जगून काय करायचं?" आणि तोंड फिरवून घेतलं.

मी त्रिशलाला विचारलं, घरी दिलेल्या गोळ्या कशा घेतल्या? सकाळ, संध्याकाळ, सगळ्या?

"सकाळच्या घेटल्या," त्रिशला म्हणाली. "रातच्या कशा घेनार? आत्तीचा नेम हाय न्हवं. दिस मावळल्यावर पान्याचा थेंब न्हाय तोंडात. गोळी तर लांबच."

जैन घरातला हा नेम मला माहीत होता. ह्या भागात कुणाला माहीत नाही? पण केमोची गोळी आणि तो नेम एकमेकांशेजारी ठेवून बघायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, मॅडमच्याही नाही. पहिल्या दिवशी एसटीला उशीर झाला, घरी पोचेपर्यंत दिवस मावळला. म्हणजे रात्रीची गोळी नाही, पाणी नाही. उलट्या सुरू झाल्यावरही रात्रभर पाणी नाही. रोज तेच.

"आक्का, तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं न्हाय. आन सांगितलं असतं तर तुमी नेम मोडा म्हटला असता."

बेळगावात परतून मी मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील, समजावा तिला, औषधापुढं नेम कसला. मॅडम खुर्चीत मागं टेकून हसल्या. "सिस्टर, आपण गोळ्यांची तुलना करतोय, आणि बाईनं अर्ध्याच गोळ्या घेतल्यात. ह्यात गोळी बिचारी काय करेल?" मग गंभीर झाल्या. "तिचा नेम तिच्याकडं राहू दे. आपली वेळ आपण बदलू. सकाळची पहिली खुर्ची तिला. दुपारी सोडायचं. वॉर्डातच भरपूर सलाईन. संध्याकाळची प्रत्येक गोळी दिवस मावळायच्या आत. नवी गोळीसुद्धा. तिनं झोप येते, मग लवकर झोपू दे की!"

मी पद्माक्कांना फोन केला. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग विचारलं, "डाक्टरीनबाई नेम मोडा म्हटल्या न्हाईत?"

"नाही म्हटल्या."

"खरं?"

"त्यांनी घड्याळ हलवलं, आक्का. तुम्हाला नाही."

त्या आल्या. आधीच्या रागाबद्दल चकार शब्द न काढता पहिल्या खुर्चीत बसल्या. हाताला सुई लागली तेव्हा डोळे घट्ट मिटून घेतलेले होते. दुपारी सलाईन संपली, नव्या गोळीची पट्टी अण्णांच्या हातात दिली, दिवस मावळायच्या आत घ्यायची असं तीनतीनदा बजावलं. मी हुशारीनं सगळं सांगितलं होतं, पण ही गोळी मूळची कशासाठी ते अण्णांना नीट कळलं होतं की नाही, याची खात्री मी करून घेतली नव्हती. पद्माक्कांना कळलं होतं, कारण विचारणाऱ्या त्याच होत्या.

संध्याकाळी मी घरी भाजी निवडत होते. बाहेर गल्लीत विणकरांच्या मागांची खडखड चालू होती, त्यात फोन वाजला. पलीकडं आदगोंडा अण्णा, निपाणीच्या स्टँडजवळच्या औषधाच्या दुकानातून.

"बाई, ही गोळी कसली हाय? हितला दुकानदार वळखीचा हाय. त्यो म्हंतो, ही येड्याला देत्यात! माज्या बायकूला येडी ठरवलासा व्हय? केस घालवलंसा, आन आता डोकं घालवताय?"

"अण्णा, ऐका..."

"काय ऐकू? गावात कळलं तर? घरात अजून ल्येकीचं लगीन व्हायचं हाय!"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. ऊन शेजारच्या घराच्या कौलांवर फक्त उरलं होतं. निपाणीत काय, सूर्य तोच. दहा-पंधरा मिनिटांत हा वाद संपला नाही तर आजची गोळी गेली, आणि आजची रात्र म्हणजे सगळ्यात महत्त्वाची.

"अण्णा, तुमच्या मळ्यात मोटर आहे?"

"हाय की. तिचं काय?"

"विहिरीवर बसवली तर पाणी ओढते. तीच मोटर कडबाकुट्टीला जोडली तर?"

"कडबा कापती."

"म्हणजे पाण्याची मोटर कडब्याला जोडली म्हणून कडब्यात पाणी शिरतं का? गोळीचं तसंच आहे. जास्त देऊन एका कामाला वापरतात, थोडी देऊन दुसऱ्या कामाला. मेंदूत जी जागा उलटी करायला सांगते ना, तिला ही गप्प बसवते. पद्माक्कांचं डोकं माझ्या-तुमच्यापेक्षा चांगलं आहे, ते तसंच राहणार."

फोनवर खरखर झाली, आणि पद्माक्कांचा आवाज आला. त्यांनी नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला होता.

"बाई, एकच सांगा. हिनं ढवळायचं थांबतंय?"

"बऱ्याच जणांचं थांबलंय आक्का. तुमचंही थांबेल असं वाटतं. पण शपथेवर सांगता येत नाही."

"मग येडी तर येडी. म्हनू देत ज्येला म्हनायचं त्येला." आणि मग नवऱ्याला म्हणाल्या, फोन तोंडाशीच होता म्हणून मला स्पष्ट ऐकू आलं, "हिकडं बघत काय हुबं ऱ्हायलाईसा? पानी आना. दिस चाललाय."

दुकानदाराच्या काउंटरवरच, त्याच्यासमोर त्यांनी ती गोळी घेतली.

सकाळी चहासुद्धा न घेता मी फोन लावला. वाजला, वाजला, उचलला त्रिशलानं. "आत्ती निजल्यात अजून."

"निजल्यात? उलटी?"

"एक बी न्हाय. पन बाई, धारंला सुदिक उटल्या न्हाईत. म्हशी वरडून दमल्या!"

मी फोन ठेवून स्वयंपाकघरात एकटीच हसले. मॅडमनी दुसऱ्या दिवशी गोळी अर्धी केली. तिसऱ्या दिवशी पद्माक्कांनी स्वतः फोन उचलला. झोपेची गुंगी उतरली होती. मी विचारलं, "काय खाल्लंत?"

"ताकातल्या जुंदळ्याच्या कन्या. वाटीभर. आन..." जरा थांबल्या, "आन मुगाची आमटी बी. त्रिशला म्हटली, पुरे. मी म्हटलं, आजून वाढ."

"गोठ्यात गेलात?"

"तितनंच बोलतीया बाई!"

मागून एक म्हैस हंबरली. नोकरीत मला सन्मानाच्या शाली मिळाल्या, प्रशस्तिपत्रं मिळाली. त्या हंबरण्याच्या जवळपास त्यांतलं काही येत नाही.

पद्माक्कांमुळं वॉर्डात एक गोष्ट कायमची बदलली. त्यानंतर आम्ही प्रत्येकाला गोळ्या देण्याआधी विचारायला लागलो की तुमच्या घरी जेवायची वेळ काय, उपवास कोणते, रोजे आहेत का, रात्रपाळी आहे का. मॅडम म्हणायच्या, दोन औषधांत चांगलं कुठलं ते ठरवायचं तर आधी ती दोन्ही पोटात गेली पाहिजेत. साधी गोष्ट आहे. पण ती कळायला आम्हाला निपाणीपर्यंत जावं लागलं.

पाकिटं संपली, सगळ्यांचे फोन झाले, आणि एका दुपारी मॅडमनी सगळा हिशेब जुळवला. मी बाहेर सलाईन बदलत होते. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. वॉर्डात मोठ्यानं बोलायचं नाही हा त्यांचाच नियम, आणि त्याच मोठ्यानं म्हणाल्या, "सिस्टर, जिंकली!"

नवी गोळी जिंकली होती. वॉर्डातल्या दिवशी फरक थोडा होता, पण घरी गेल्यावरच्या दिवसांत फार मोठा. त्या गोळीची माणसं जेवत होती. झोप येते ही तिची खोड खरी, म्हणून ती संध्याकाळी द्यायची आणि थोडी द्यायची, असं मॅडमनी ठरवलं. पुढं डॉक्टरांच्या एका सभेत त्यांनी हे मांडलं, तेव्हा पडद्यावर पहिल्यांदा दाखवले ते आम्ही गोळा केलेले शब्द. मळमळ, ढवळणं, उमासे, कालवणं, होट्टी तोळसाकत्तैत्रि. म्हणाल्या, "ह्यांतला पेशंटचा शब्द न्हाय विचारला तर तो बरा हाय असंच वाटतं." सभागृह हसलं. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जास्त वेळ.

ती गोळी आमच्या वॉर्डात नेहमीची झाली. सुभेदारांनाही मिळाली. त्यांची शेवटची केमो झाल्यावर पुन्हा बाजारात भेटले. ह्या वेळी मीच घाबरून लांब उभी राहिले. त्यांनी सलाम ठोकला, थांबले, स्वतःच्या पोटाचा अंदाज घेतल्यासारखं केलं, आणि चालत अगदी माझ्यापुढं आले. "सिस्टर, ऑल क्लिअर," म्हणाले.

सगळेच असे बाजारात परत भेटले नाहीत. उलटी थांबली म्हणजे कॅन्सर थांबला असं नाही. पण जे गेले त्यांतलेही पुष्कळजण शेवटपर्यंत चार घास खाऊन, घरच्यांशी बोलत गेले. पूर्वीची माणसं मला आठवतात, ज्यांच्या वेळी ही गोळी कुणाला सुचली नव्हती. त्यांचं वाईट वाटतं, आणि ते वाटत राहणार.

पद्माक्कांची शेवटची केमो झाली त्या दिवशी आदगोंडा अण्णांनी वॉर्डभर पेढे वाटले. निपाणीच्या त्या दुकानदारानंच ते पाठवले होते, असं नंतर कळलं. पुढं ऑपरेशन झालं, रेडिएशनचा शेकही झाला, आणि पद्माक्का म्हशींकडं परतल्या. वर्षानंतर तपासणीला आल्या तेव्हा डोक्यावर दाट, कुरळे केस आले होते. जन्मभर सरळ होते, आता कुरळे आले, म्हणून खूश होत्या. मॅडमनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. निघायच्या वेळी वॉर्डाच्या दारात त्यांना एक मुलगी दिसली. बेळगावातल्याच टिळकवाडीतली, शाळेत शिकवणारी, तिशीही गाठली नसेल. पहिली केमो. आई शेजारी बसलेली, आणि ही दारातून आत यायला तयार नाही.

मी समजावत होते. मॅडमनी येऊन समजावलं. मुलगी नुसती मान हलवत होती. "मावशीला बघितलंय मी. तिचं काय झालं ते बघितलंय. मला नाही जमणार."

पद्माक्का तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "काय नाव गं तुजं?"

"मानसी."

"मानसी, मी हितंच बसलेली. ती पयली खुर्ची हाय न्हवं, तीच माजी. खोटं न्हाय सांगत. केस जात्यात. तोंडात फोड येत्यात. दमायला हुतंय, लई दमायला हुतंय." मुलगी त्यांच्याकडं बघायला लागली. "आन पयल्यांदा ओकून ओकून मी घर डोक्यावर घेटलं. पन मग ह्या दोघींनी माजी ओकारी धरली आन हाकलली. आता तुजी हाकलतील. चल, माज्या खुर्चीत बस."

"तुम्ही जाणार ना आता?"

पद्माक्कांनी नवऱ्याकडं बघितलं. अण्णांच्या हातात पिशवी, एसटीची वेळ झालेली. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

पद्माक्का शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि दुपारपर्यंत उठल्या नाहीत. त्या मुलीला त्यांनी म्हशींची नावं सांगितली, कुठली लाथ मारते, कुठली पान्हा चोरते. मानसी एकदा चक्क हसली, सुई हाताला असताना. सलाईन संपल्यावर दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले. गोळी कधी घ्यायची, ते मी सांगितलं. पद्माक्कांनी ते सगळं पुन्हा एकदा सांगितलं, माझ्यापेक्षा दरडावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर आल्या आल्या मी मानसीला फोन लावला. आवाज झोपाळू होता, पण शांत. "उलटी नाही झाली सिस्टर. ढवळतंय थोडं, पण चालेल. उपमा खाल्ला."

"छान. आणि गोळी..."

"घेतली. वेळेवर घेतली." ती हसली. "सिस्टर, राग मानू नका, पण तुमच्या आधी निपाणीच्या आक्कांचा फोन येऊन गेला. त्यांनी सगळं विचारलं. तुम्हाला आज जरा उशीर झाला."